सगळं एकाच काळ्या पिशवीत जातं, मग मी वेगळं का करू?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

मी पुण्यात राहते, वय 43. एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात आहे. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि 76 वर्षांच्या सासूबाई. दीड वर्षापूर्वी कचऱ्यावरच्या एका कार्यशाळेला गेले आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. स्वयंपाकघरात पाच डबे मांडले, गॅलरीत खताची बादली ठेवली. नवरा म्हणतो, "तुझ्या एका बादलीनं जग वाचणार आहे का?" सासूबाई ओला कचरा अजून कॅरीबॅगेत गाठ मारून ठेवतात. मुलाची वेफर्सची पाकिटं गादीखाली सापडतात. ऑफिसात आम्ही 120 माणसं. माझ्या आग्रहामुळे पर्यावरण दिनाला तीन रंगांचे डबे आले, फोटो निघाले. मध्यंतरी एका संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले होते, तेव्हा हाउसकीपिंगच्या मावशी तिन्ही डबे एकाच काळ्या पिशवीत रिकामे करताना दिसल्या. संतापानं मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं त्यांना सगळ्यांदेखत झापलं. आता त्या माझ्या टेबलाकडे फिरकत नाहीत, आणि कचरा आहे तसाच एकत्र जातोय. सगळे मला "कचरा मॅडम" म्हणतात. घरीदारी भांडून मी थकले. हे सगळं सोडून देऊ, की आणखी कडक होऊ? जाता जाता एक छोटा प्रश्न: चहाचा गाळ गुलाबाच्या कुंडीत घातलेला चालतो का?

उत्तर:

चहाच्या गाळाचं शेवटी बघू. तुमच्या मोठ्या प्रश्नाकडेही जरा वेळानं येते, कारण तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष पाच डब्यांवरून उठून त्या मावशींपाशी जाऊन बसलं, ते काही केल्या हलेना. ती हकिगत तुम्ही चार ओळींत घाईघाईनं उरकलीय. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की माणूस पत्र लिहायला बसतं ते अशाच घाईनं उरकलेल्या ओळींपायी.

तेव्हा उद्या ऑफिसात गेल्यावर पहिलं काम म्हणजे मावशींना गाठा आणि माफी मागा. "मावशी, मी तो फोटो टाकायला नको होता. चुकलं माझं." एवढंच. त्याला "पण पर्यावरणाच्या दृष्टीनं बघितलं तर" असं शेपूट जोडू नका. मग त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा, की चूक मावशींची नव्हती. डबे आणले आम्ही, पण ते भरल्यावर त्यांचं पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बदनामी चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात, हा हिशेब जुळत नाही. तुम्ही तर अकाउंट्समधल्या.

दोन-चार दिवस जाऊ द्या. मग त्यांना सहज विचारा, "मावशी, ही पिशवी खाली नेल्यावर पुढं कुठं जाते हो?" जाब विचारल्याचा सूर नको, खरंच माहीत नाही म्हणून विचारा. कारण तुम्हाला खरंच माहीत नाहीये. तुमच्या अख्ख्या पत्रात तुमचा ऑफिसचा कचरा त्या काळ्या पिशवीपाशी येऊन थांबतो, तिच्यापुढे एक पाऊल जात नाही.

मी नोकरीत असताना आमच्या मजल्यावरही असे रंगीत डबे होते आणि मलाही तुमच्यासारखाच उमाळा आला होता. सुदैवानं तेव्हा फोनला कॅमेरा नव्हता. मी आमच्या मावशींच्या मागोमाग जिन्यानं खाली उतरले. जिन्याखालच्या खोपटात पुठ्ठ्याची खोकी उलगडून, सपाट करून, सुतळीनं बांधून ठेवलेली. एका पोत्यात पाण्याच्या बाटल्या, बुचं वेगळी. दुसऱ्या पोत्यात कोरडा कागद. सगळं इतकं नेटकं, की माझ्या टेबलाचा खण बघून मला लाज वाटावी. मी विचारलं, "मग वरचा सुका डबा तुम्ही त्या काळ्या पिशवीत का ओतता?" त्या म्हणाल्या, "त्यात काय सुकं असतंय, बाई?" आणि पिशवीत हात घालून एक कागद वर काढून दाखवला. चहानं भिजलेला होता.

विकण्याजोगा कागद भिजला, त्याला तेल किंवा डाळ लागली, की रद्दीवाला त्याला हात लावत नाही. अर्धा कप उरलेला चहा सुक्या डब्यात पडला की अख्ख्या डब्याची किंमत शून्य होते. तुमच्या ऑफिसात हेच होत असेल असं मी म्हणत नाही. कदाचित खाली सगळ्या इमारतीला मिळून एकच मोठं पिंप असेल. कदाचित ठेकेदार मोजून पिशव्या देत असेल आणि तीन डब्यांना तीन पिशव्या लावल्या तर महिनाअखेर त्या पुरत नसतील. कचऱ्याला लिफ्ट बंद असेल आणि तीन पिशव्या म्हणजे जिन्याच्या तीन खेपा होत असतील. कारण काहीही असो, ते मावशींना ठाऊक आहे. तुम्हाला नाही, मला नाही, आणि पर्यावरण दिनाला फीत कापणाऱ्या साहेबांना तर नाहीच नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: माणसं सुधारायचं काम काही दिवस बाजूला ठेवा आणि पिशवीच्या मागोमाग जाऊन बघा. ऑफिसातही आणि घरीही. तुम्ही धरून चालला आहात की लोकांना पर्वा नाही, म्हणून कचरा एकत्र होतो. मला तसं वाटत नाही. कचरा एकत्र होतो कारण एकत्र टाकणं सोपं आहे आणि वेगळा टाकणं अवघड आहे. ते उलटं केलंत तर पर्वा नसलेली माणसंही वेगळा टाकतील.

ऑफिसात काय करता येईल ते सांगते, मग घरी येऊ.

प्रत्येकाच्या टेबलाखाली कचऱ्याचा डबा असेल तर ते आधी काढायला लावा. टेबलाखालच्या डब्यात केळ्याचं साल, बिल, पेनाची रिफिल, चहाचा कप सगळं गुण्यागोविंदानं नांदतं, आणि ते 120 ठिकाणी वाकून उचलायचं काम मावशींचं. डबे हवेत जिथं कचरा होतो तिथं: पँट्रीत आणि प्रिंटरपाशी. पँट्रीत डब्यांच्या शेजारी एक बादली ठेवा, उरलेला चहा, पाणी, ताक ओतायला. रंगीत डब्यांपेक्षा ही बादली जास्त काम करेल. प्रिंटरपाशी एक ट्रे ठेवा, मागची बाजू कोरी असलेल्या कागदांसाठी. नावं, पगार, खातेक्रमांक असलेले कागद त्यात जाता कामा नयेत, हे तुमच्या विभागाला वेगळं सांगायला नको. दुकानांची गुळगुळीत बिलं, ज्यावरचं छापील काही महिन्यांत उडून जातं, ती रद्दीत घालू नका. तो कागद रसायन लावलेला असतो.

आता पेपर कप. 120 माणसं, दिवसाला दोन कप, महिन्याचे 25 दिवस. महिन्याला 6,000 कप, वर्षाला 72,000. नावात पेपर आहे म्हणून तो कागद समजून आपण निर्धास्त असतो. पण चहा गळू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, आणि तो थर कागदापासून सोडवायला वेगळी यंत्रणा लागते. आपल्या नेहमीच्या रद्दीवाल्याला तो कप कागद म्हणूनही नको आणि प्लास्टिक म्हणूनही नको.

तुमच्या सहकाऱ्यांपुढे पृथ्वीचं नाव न घेता हा मुद्दा मांडायला तुमच्याइतकी योग्य व्यक्ती त्या ऑफिसात नाही. व्हाउचर तुमच्याच हातून जातात ना? कपांवर वर्षाचा खर्च किती, ते काढा. स्टीलचे किंवा चिनी मातीचे 150 कप किती महिन्यांत वसूल होतात, ते मांडा. अर्ध्या पानाची टिपणी करा आणि ॲडमिनला द्या. "कचरा मॅडम"ची कार्यशाळा जिथं पोचली नाही, तिथं अकाउंट्सवाल्या बाईंची टिपणी पोचते.

पण थांबा, एक अडचण आहे आणि बरेच उत्साही लोक ती विसरतात. रोजचे 240 कप धुणार कोण? तुम्ही पेपर कप बंद करवलेत आणि मावशींच्या पगारात एक रुपयाची वाढ न होता त्यांच्या वाट्याला 240 कप आले, तर तुमचा कचरा कमी झाला आणि त्यांचे कष्ट वाढले. अशा वेळी तीन वाटा दिसतात. प्रत्येकानं आपला कप आणायचा आणि आपणच विसळायचा. ही सगळ्यात स्वस्त, पण तिसऱ्या आठवड्यात बेसिनमध्ये बेवारशी कपांचा ढीग साचणार हे लिहून ठेवा. दुसरी, वाचलेल्या पैशांतून कप धुण्याचा तासभराचा वेगळा मोबदला ठेकेदाराकडून मावशींना द्यायचा, आणि तो खरंच त्यांच्या हातात पडतोय ना ते बघायचं. तिसरी मला सगळ्यात आवडते: खालच्या टपरीवाल्याला काचेचे ग्लास घेऊन वर बोलवायचं. पूर्वी चहा असाच यायचा की, तारेच्या जाळीत सहा-सहा ग्लास. पण तुमच्या इमारतीची सिक्युरिटी त्याला वर सोडेल का, ते तुम्हीच जाणे. मी दुसरी वाट धरली असती.

आणि पुठ्ठा, बाटल्या, कोरडा कागद विकून जे पैसे येतात, ते आज कुणाला मिळतात याची चौकशी केल्याखेरीज नवी व्यवस्था आणू नका. चकचकीत माहितीपत्रक घेऊन कुणीतरी येतं, "तुमचा सुका कचरा आम्ही मोफत नेतो" म्हणतं, साहेबांना प्रमाणपत्र मिळतं, आणि जिन्याखालच्या पोत्यातून मावशींना मिळणारे पैसे मात्र बंद होतात. मग त्या डब्यांकडे लक्ष का देतील?

आता तुमच्या मनातली मोठी शंका. शेवटी सगळं एकत्रच जातं, मग कशाला? ऑफिसात ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. सोसायटीत पाहिलंय का? पुण्यात बहुतेक ठिकाणी कचरा घ्यायला दारात येणारी ताई "स्वच्छ" या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेची सभासद असते. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. उकिरडे आणि कचराकुंड्या उपसून पोट भरणाऱ्या बायकांना आपण कामगार आहोत हे तिथं पहिल्यांदा बोलता आलं. त्याच संघटनेतून पुढं "स्वच्छ" निघाली आणि महापालिकेशी करार करून या बायका रीतसर दारोदारी येऊ लागल्या. ताई ओला कचरा पुढं गाडीला देते. सुका मात्र ढकलगाडीपाशी बसून पुन्हा निवडते, आणि त्यातलं जे विकलं जातं ते तिचं उत्पन्न असतं. म्हणजे तुम्ही कोरडी ठेवलेली बाटली थेट तिच्या कमाईत जाते, आणि तुमच्या शेजाऱ्यांनी वरणात बुडवून दिलेली बाटली ती नाक मुठीत धरून धुते किंवा सोडून देते.

एकदा सकाळी पाऊण तास काढून खाली थांबा आणि हे बघा. ती कशाला हात घालते आणि काय बाजूला भिरकावते, हे पाहिलंत की कार्यशाळेच्या वहीतली निम्मी पानं फाडून टाकाल. उदाहरणार्थ, प्लास्टिकवरचा बाणांचा त्रिकोण. तो दिसला की वस्तू पुन्हा वापरात येणार, असं आपल्याला वाटतं. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, 2 म्हणजे शॅम्पूच्या डब्यांचं जाड प्लास्टिक, 5 म्हणजे खाण्याच्या पार्सलचे बरेचसे डबे. ही विकली जातात. 6 मध्ये थर्माकोल येतं, त्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण. तुमच्या मुलाच्या वेफर्सच्या पाकिटात तर प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकावर एक चिकटवलेले असतात, ते सोडवत कोण बसणार? ते पाकीट गादीखाली मिळालं काय नि डब्यात मिळालं काय, शेवट सारखाच. म्हणून पोराशी डब्यावरून भांडू नका. भांडायचंच तर महिन्याला अशी किती पाकिटं घरात येतात यावरून भांडा, आणि तेही परीक्षा झाल्यावर.

कधी कधी खरंच सगळं एकत्र कोंबलं जातं, हेही मी नाकारत नाही. गाडी भरलेली असते, घाई असते, देखरेख नसते. तसं दिसलं तर गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाकडे तक्रार द्या. ताईचा फोटो नको.

एकत्र गेलेल्या कचऱ्याचं पुढं काय होतं, ते पुणेकरांना सासवड रस्त्यानं जाताना वर्षानुवर्षं नाकानं कळलंय. तिथं शहराचा कचरा डेपो. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी शहराच्या गाड्या अडवल्या त्या उगाच नाही. त्यांच्या विहिरींचं पाणी आपल्या भाजीच्या देठांनी नासलं. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन हा पेट घेणारा वायू निघतो, आणि ढीग धुमसायला लागतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारचा ढीग पेटला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तुमच्या पाच डब्यांपैकी एकच ठेवायचा झाला, तर ओल्याचा ठेवा. ओलं बाजूला काढलं की उरलेलं आपोआप सुकं राहतं. दुसरा डबा सुक्याचा. आणि एक छोटी पिशवी, सॅनिटरी पॅड, ब्लेड, औषधं, बॅटरीचे सेल यांसाठी. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. तो दिसला की ताई ते उघडून बघत नाही. फुटकी काच कागदात गुंडाळून ताईच्या हातात द्यायची, पिशवीत लपवायची नाही. मोबाइल, चार्जर, रिमोट यांना वर्षातून दोनदा वेगळं बाहेर काढा, त्यांना रोजचा डबा कशाला? बाकीचे डबे माळ्यावर टाका. पणजीत लोक याहून बरेच जास्त प्रकार करतात, आणि वेंगुर्ल्याला तर पूर्वीचा कचरा डेपो बघायला पाहुणे जातात. पण तिथं पुढची घेणारी व्यवस्था तशी आहे. तुमच्याकडे पुढं दोनच वाटा असतील तर स्वयंपाकघरात पाच डबे हे घरच्यांना अडखळायला आणि तुम्हाला चिडायला निमित्त.

आता सासूबाई. त्यांच्यावर तुम्ही एक ओळ लिहिलीत, मी जरा जास्त लिहिणार आहे.

माझ्या मनात एक चित्र आहे, बरोबर की चूक ते तुम्ही सांगा. दुधाची पिशवी त्या कोपरा पूर्ण न कापता, लोंबता ठेवून फोडतात. पिशवी आतून धुऊन बेसिनवरच्या टाइल्सवर चिकटवतात आणि वाळल्यावर घडी घालून ठेवतात. त्यांच्या जुन्या साड्यांची गोधडी तुमच्या मुलाच्या बाळपणी होती. तुमच्या फडताळात डाळी आहेत त्या कॉफीच्या आणि बोर्नव्हिटाच्या बरण्यांत. बोहारणीशी त्यांनी एका स्टीलच्या पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस केलेली तुम्ही ऐकलीय, आणि तेव्हा तुम्हाला बहुधा लाज वाटली होती.

चित्र बरोबर असेल, तर तुमच्या घरात हे काम पन्नास वर्षं करणारी बाई आधीपासून होती, आणि तुम्ही कार्यशाळेहून येऊन तिला पहिल्या धड्यापासून शिकवायला बसलात. लोंबता कोपरा म्हणजे काय, हे तुमच्या कार्यशाळेत सांगितलं होतं का? सुटा कापलेला तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. धुऊन वाळवलेली पिशवी रद्दीवाला वजनावर घेतो.

मग एवढी काटकसरी बाई ओला कचरा कॅरीबॅगेत का बांधते? विचारलंत का कधी? "बांधू नका" असं सांगितलंत, ते दीड वर्ष. मला वाटतं कारण असं असेल: डबा खाली, ओट्याच्या पोटात आहे. 76व्या वर्षी वाकून डबा काढायचा, रिकामा झाला की घासायचा, त्याला लागलेला बुळबुळीत थर हातानं खरवडायचा. पिशवीला गाठ मारली की डबा स्वच्छ राहतो. तुम्ही सकाळी साडेआठला बाहेर पडता, डबा त्या घासतात. हे खरं असेल तर उपाय कॅरीबॅगेत नाही, डब्यात आहे. ओट्यावर, कंबरेच्या उंचीला, झाकणाचं छोटं भांडं ठेवा. तळाशी वर्तमानपत्राचा द्रोण करून बसवा. हा द्रोण त्यांना तुमच्यापेक्षा चांगला करता येईल, त्यांनाच शिकवायला सांगा. संध्याकाळी ते भांडं मुलानं रिकामं करून विसळायचं, गादीखालच्या पाकिटांचं प्रायश्चित्त म्हणून. गॅलरीतल्या बादलीत कागदासकट सगळं जातं.

नवरोबांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. "तुझ्या एका बादलीनं जग वाचणार आहे का?" नाही. सांगून टाका नाही म्हणून. ते बिचारे खरं बोलतायत, आणि तुम्ही दर वेळी जग वाचवण्याची बाजू घेऊन हरताय. तुम्ही असं म्हणा: आठवडाभर आपण ओला कचरा काट्यावर टाकू. रोजचा अर्धा किलो निघाला तरी वर्षाला 180 किलोच्या वर होतो. तेवढा कचरा डेपोकडे जायचा थांबला, आणि तुमच्या दारातल्या ताईला तेवढा उचलावा लागला नाही. बास. त्यांना वजनाचं काम द्या. आकडे लिहायला मिळाले की पुष्कळ पुरुष कशातही रस घेतात.

बादलीबद्दल दोन शब्द, कारण अशी पत्रं मला बरीच येतात आणि निम्म्या लोकांचा उत्साह वासानं जातो. माझाही गेला होता. पहिल्या महिन्यात माझ्या बादलीतून चिलटांचा एवढा थवा उठला, की शेजारणीनं वर्षभर माझ्याकडे आमंत्रण स्वीकारलं नाही. वास येतो तो ओलं जास्त झालं आणि हवा कमी पडली म्हणून. ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा जरा जास्त वाळका पाला, भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका, आठवड्यातून दोनदा काठीनं खालीवर करा, बादलीला बाजूनं भोकं असू द्या. सुरुवातीला थोडं आंबट ताक आणि कुणाकडचं तरी मूठभर तयार खत, विरजणासारखं. भाजी-फळांचा कचरा आणि निर्माल्य बिनधास्त घाला. तेलकट, मांसाहारी, उरलेला भात सुरुवातीला नको. पांढऱ्या अळ्या झाल्या तर किंचाळू नका, त्या तुमचंच काम करतायत. वर कोरडं टाका की कमी होतात. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास आला की झालं. "कंपोस्टेबल" लिहिलेल्या पिशव्या मात्र गॅलरीतल्या बादलीत घालू नका. त्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते, तुमच्याकडे त्या वर्षभर तशाच लोळतील.

ज्यांच्या सोसायटीत जागा आहे त्यांनी खताचा खड्डा सामायिक करावा. पुणे महापालिका असा प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. पर्यावरणाला न हलणारे सेक्रेटरी कराच्या बिलाला हलतात. पण हे तुम्ही या वर्षी अंगावर घेऊ नका. घर, ऑफिस आणि सोसायटी अशा तीन आघाड्या एकदम उघडल्यात म्हणूनच थकलात. ऑफिसात फक्त ती चहाची बादली आणि कपांची टिपणी. घरात फक्त ओट्यावरचं भांडं. दिवाळीपर्यंत एवढंच.

सोडून देऊ की कडक होऊ, असं तुम्ही विचारलंत. दोन्ही नको. घरच्या नि ऑफिसच्या माणसांवर पाळत ठेवायचं तेवढं सोडून द्या. "कचरा मॅडम" हे नाव मात्र राहू द्या. मला आमच्या गल्लीत "खतवाल्या काकू" म्हणतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हेच लोक पिशवी घेऊन खत मागायला दारात उभे असतात.

राहिला चहाचा गाळ. चालतो, पण आपला चहा दूध-साखरेचा, तसाच घातलात तर मुंग्या येतील आणि वर बुरशी धरेल. गाळणीतच दोनदा पाण्यानं धुवा, कागदावर पसरून वाळवा, आणि आठवड्यातून एखादी मूठ वरच्या मातीत मिसळा. रोज नको. वाळलेला गाळ जास्त झाला तर खताच्या बादलीत टाका. आणि ऑफिसात मावशींकडे कुंड्या असतील, तर पँट्रीतला गाळ त्यांना हवा आहे का, तेही विचारून बघा.